मॅपिंग फसतं तेव्हा: कर्नल ड्रायव्हरमधल्या डीएमए चुका पकडण्याची क्रमवार पद्धत

रत्नागिरीहून आणि कुडाळ-सावंतवाडीकडून मला ड्रायव्हरचा कोड तपासायला पाठवणारी मुलं आता बरीच झाली आहेत. कोड बहुतेक वेळा चांगला असतो. मेमरी मॅपिंगच्या जागी, म्हणजे मेमरीचा तुकडा उपकरणाला किंवा ड्रायव्हरला वापरता येईल असा पत्ता मिळवण्याच्या जागी, मात्र सगळ्यांचा पाय एकाच शेवाळलेल्या पायरीवरून घसरतो. मॅप करणाऱ्या फंक्शनने दिलेला पत्ता तपासायचा राहतो. मी तसं कळवलं की घाईने एक ‘इफ’ येतो. आणि त्या ‘इफ’च्या आत शिरल्यावर पुढे काय होतं, हे कुणी एकदाही चालवून बघितलेलं नसतं.

कारण सरळ आहे. तुमच्या टेबलावर मॅपिंग फसतच नाही. १६ जीबीचा लॅपटॉप, एक कार्ड, पाच मिनिटांची चाचणी, मग फसणार कशाला? ते फसतं गिऱ्हाइकाकडे, तिसऱ्या आठवड्यात, रात्री. म्हणून इथे ‘इफ’ कुठे टाकायचा यापेक्षा मॅपिंग मुद्दाम कसं फसवायचं आणि फसल्यावर कोड कुठल्या वाटेने परततो ते कसं बघायचं, यावर जास्त शब्द खर्च केले आहेत. सगळं लिनक्स कर्नलपुरतं, आणि त्यातही मुख्यतः डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरण थेट मेमरीत लिहितं-वाचतं तो भाग.

फंक्शनांची आणि पर्यायांची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत जातील.

तयारी: हे नसेल तर पुढे जाऊ नका

खऱ्या कार्डावर सुरुवात करू नका. चुकीच्या पत्त्यावर डीएमए गेलं तर ते तुमच्या फाइलसिस्टिमच्या पानावरही जाऊ शकतं. क्यूईएमयू, म्हणजे अख्ख्या मशिनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरा. त्यात ‘एज्यू’ नावाचं एक शिकाऊ पीसीआय उपकरण तयारच आहे. त्याला डीएमए येतं, त्याचा स्वतःचा ४,०९६ बाइटचा बफर आहे, आणि मुख्य म्हणजे ते मुद्दाम फक्त २८ बिटांचे पत्ते समजतं, म्हणजे पहिले २५६ एमबी. हा अपंगपणाच आपल्या कामाचा आहे. पाहुण्या, म्हणजे क्यूईएमयूतल्या, मशिनला २ जीबी मेमरी आणि एक प्रोसेसर द्या.

कर्नल बांधताना डिफकॉन्फिग (पर्यायांची ठरीव मांडणी) घ्या आणि त्यावर केव्हीएम_गेस्ट डॉट कॉन्फिग चढवा. बरेच जण इथे लोकलमॉडकॉन्फिग चालवतात. ते तुमच्या लॅपटॉपवर चालू असलेले मॉड्यूल बघून यादी बनवतं. पाहुण्या मशिनमध्ये ते हार्डवेअरच नाही, मग बूट अडकतं आणि दिवस जातो.

त्यानंतर हे पर्याय चालू करा: कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग, कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग_एसजी, कॉन्फिग_डीबग_व्हर्च्युअल, कॉन्फिग_डीबग_एफएस, कॉन्फिग_स्टॅकट्रेस. मेन्यूत कुठल्या फांदीखाली आहेत ते शोधत बसू नका, स्लॅश दाबून नाव शोधा. केएएसएएन आत्ताच नको. ते कंपायलरने प्रोसेसरच्या वाचना-लिहिण्यावर बसवलेली पाळत आहे. उपकरण मेमरीत काय लिहून गेलं ते त्याला दिसत नाही. ‘केएएसएएन गप्प आहे म्हणजे डीएमए बरोबर आहे’ हा निष्कर्ष मी किमान चार जणांकडून ऐकला आहे, तो साफ चुकीचा.

रूट फाइलसिस्टिम डिस्कवर ठेवू नका, बिझीबॉक्स (छोट्या आज्ञांचा संच) घालून इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना मेमरीतच उघडणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये, ठेवा. दोन फायदे. डिस्कचा ड्रायव्हर मॅपिंगच्या यादीत लुडबुडत नाही. आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा अर्धवट लिहिलेली डिस्क दुरुस्त करत बसावं लागत नाही. सिरियल कन्सोल मात्र लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये वळवा. मशिन गारठलं तरी शेवटच्या ओळी हाती राहतात. कंपाइलला सीकॅश (आधी कंपाइल झालेलं पुन्हा वापरणारं साधन) लावून ठेवा, नाहीतर प्रत्येक फेरीला इन्व्हर्टरची बॅटरी आधी संपेल.

तपासणी: बूट झाल्यावर लॉगमध्ये ‘डीएमए-एपीआय’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत. ६५,५३६ नोंदींची जागा आधीच राखून ठेवल्याची एक, आणि डीबगिंग चालू असल्याची दुसरी. या दिसत नसतील तर पुढच्या सगळ्या पायऱ्या ‘एकही चूक नाही’ असंच सांगतील. डीबगएफएस (कर्नलच्या आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं ते) माउंट करून त्यातली डीएमए-एपीआय ही डिरेक्टरी उघडते का तेही बघा.

१. कोण कसं ‘नाही’ म्हणतं, याची यादी करा

कोडला हात लावण्याआधी कागद घ्या. ड्रायव्हरमधली मॅप करणारी प्रत्येक हाक शोधा आणि तिच्यापुढे ती अपयश कसं कळवते ते लिहा. कर्नलमध्ये यासाठी एकच रीत नाही आणि निम्म्या चुका इथेच जन्मतात.

डीएमए_मॅप_सिंगल आणि डीएमए_मॅप_पेज पत्ता परत देतात. तो शून्याशी ताडायचा नाही, डीएमए_मॅपिंग_एरर या फंक्शनलाच विचारायचं. शून्य हा काही मशिनवर खरा पत्ता असू शकतो. अपयशाची खूण म्हणून आता सगळे बिट एक असलेला आकडा येतो, म्हणजे ‘पत्ता शून्य नाही, चला पुढे’ ही तपासणी नेमकी अपयशालाच आत घेते.

डीएमए_मॅप_एसजी (एसजी म्हणजे स्कॅटर-गॅदर, विखुरलेले तुकडे एकदम मॅप करणं) उलट वागतं. ते फसलं की शून्य देतं, ऋण आकडा कधीच देत नाही. ‘शून्यापेक्षा कमी’ असं तपासणाऱ्याला अपयश दिसणारच नाही. त्याचाच नवा भाऊ डीएमए_मॅप_एसजीटेबल मात्र ऋण आकडा देतो. एकाच फाइलमध्ये दोन्ही असतील तर लाल शाईने खूण करा.

डीएमए_अलॉक_कोहेरंट, आयओरीमॅप, मेमरीमॅप (मेम-रीमॅप), व्हीमॅप हे सगळे फसले की नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतात. डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स आणि डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरीमॅप_रिसोर्स नल देत नाहीत, त्रुटी पॉइंटरमध्येच कोंबून देतात, तिथे इज_एरर हवं. आणि नुसतं डेव्हएम_आयओरीमॅप? ते पुन्हा नल. नावात एका शब्दाचा फरक आणि तपासणी पूर्ण वेगळी. जुन्याचं नवं करताना नाव बदललं जातं, ‘इफ’ तसाच राहतो.

व्हीएम_एममॅपसारखी फंक्शनं पत्ता आणि त्रुटी एकाच अनसाइन्ड आकड्यात देतात. तिथे इज_एरर_व्हॅल्यू. अनसाइन्ड आकडा ‘शून्यापेक्षा लहान का’ विचारण्यात अर्थ नाही, तो कधीच नसतो.

तपासणी: कागदावर प्रत्येक मॅपसमोर त्याचं अनमॅप कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते लिहा. एक तरी रकाना रिकामा राहतो, माझा अनुभव असा की नेहमी राहतो.

२. न चालवता जे सापडतं ते आधी काढा

स्पार्स (कोड न चालवता तपासणारं साधन) चालवा, मेकला सी=२ देऊन, फक्त तुमच्या डिरेक्टरीवर. आयओमेम खूण असलेला पॉइंटर साध्या पॉइंटरसारखा वापरला असेल तर ते ओरडेल. पण डीएमएचा पत्ता त्याच्या दृष्टीने साधा आकडा आहे. तो शून्याशी ताडलात तरी स्पार्स एक अक्षर बोलणार नाही. नल की इज_एरर हा गोंधळ पकडायला स्मॅच चांगलं.

न तपासलेल्या डीएमए पत्त्यासाठी कॉक्सिनेलचा (कोडमधले साचे शोधणाऱ्या साधनाचा) छोटा नियम स्वतः लिहा: डीएमए_मॅप_सिंगलचं उत्तर ज्या चलात गेलं, ते चल डीएमए_मॅपिंग_एररला दिल्याशिवाय दुसरीकडे कुठेही वापरलं गेलं तर ती ओळ दाखव. वीस ओळींत होतं. उत्तर थेट स्ट्रक्चरच्या सदस्यात जात असेल तर त्यासाठी वेगळी ओळ लागते, ती विसरली की निम्मी उदाहरणं निसटतात.

या पायरीवर अर्ध्या दिवसाहून जास्त थांबू नका. ही साधनं ‘तपासलं का’ एवढंच सांगतात. ‘तपासल्यावर बरोबर परतलं का’ हे चालवल्याशिवाय कळत नाही.

३. नेहमीचं काम करून घ्या, पण पाळत ठेवून

आता ड्रायव्हर चढवा आणि साधी देवाणघेवाण करा. मुद्दाम काही मोडायचं नाही. त्याआधी दोन गोष्टी.

डीएमए डीबग मुळात फक्त पहिलीच चूक सविस्तर छापतं आणि मग गप्प बसतं. डीएमए-एपीआय डिरेक्टरीतल्या ऑल_एरर्स फाइलमध्ये १ लिहा, म्हणजे सगळ्या छापल्या जातील. इतर ड्रायव्हरांचा गलका नको असेल तर ड्रायव्हर_फिल्टरमध्ये तुमच्या ड्रायव्हरचं नाव लिहा. नाव मॉड्यूलचं नव्हे, ड्रायव्हर स्ट्रक्चरमध्ये दिलेलं. ही दोन वेगळी असू शकतात आणि चुकीचं नाव लिहिलंत की स्वच्छ लॉग बघून खूश व्हाल.

‘ड्रायव्हरने मॅपिंगची त्रुटी तपासली नाही’ हा इशारा मॅप करताना येत नाही, अनमॅप करताना येतो. कर्नल प्रत्येक मॅपिंगच्या नोंदीवर ‘अजून तपासलं नाही’ असा शिक्का मारून ठेवतं, तुम्ही डीएमए_मॅपिंग_एररला विचारलंत की शिक्का बदलतो, आणि परत करायच्या वेळी जुनाच शिक्का दिसला तर बोंब होते. म्हणजे जो ड्रायव्हर अनमॅप करायलाच विसरतो, त्याला हा इशारा कधीच मिळत नाही. दोन चुका केल्या तर एकही दिसत नाही, असा प्रकार. त्यामुळे चाचणीच्या शेवटी ड्रायव्हर अनबाइंड करणं, म्हणजे उपकरणापासून सोडवणं, सक्तीचं आहे. तेव्हा ‘उपकरण सोडताना मॅपिंग बाकी आहेत’ असा इशारा किती बाकी त्या आकड्यासकट येतो.

इशाऱ्याखाली ‘मॅप्ड ॲट’ म्हणून दुसरा स्टॅक येतो. वरचा स्टॅक चूक कुठे उघडी पडली ते सांगतो, खालचा ती कुठे झाली ते. मुलं वरच्याच फंक्शनमध्ये तासन्‌तास शोधत बसतात. खालून वाचा.

वारंवार दिसणारा आणखी एक इशारा म्हणजे ‘वेगळ्या आकाराने परत केलं’. कारण जवळजवळ ठरलेलं असतं. बफर २,०४८ बाइटचा मॅप केला, उपकरणाने १५० बाइट आले म्हणून सांगितलं, आणि अनमॅपला तो १५० दिला. अनमॅपला मॅप करतानाचाच आकार हवा, आलेल्या मजकुराचा नव्हे. एसजीमध्येही हेच. मॅपने परत दिलेला आकडा कमी असू शकतो, कारण शेजारचे तुकडे जोडले जातात. उपकरणाला तो कमी आकडा द्यायचा, पण अनमॅपला तुम्ही मूळ दिलेलाच.

‘स्टॅकवरची मेमरी मॅप केली’ असं आलं तर वाद घालू नका, केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायच्या नेहमीच्या हाकेने) बफर घ्या. ‘पूर्वी चालत होतं’ हे खरं असेल, पण स्टॅक आता व्हीमॅलॉकसारख्या जागेत असतो आणि तिथले पत्ते सलग असल्याची खात्री नाही.

तपासणी: डिसेबल्ड नावाची फाइल वाचा. नोंदींची जागा संपली आणि नवी मिळाली नाही तर हे डीबगिंग स्वतःला बंद करून घेतं, तेही एकाच ओळीत सांगून. ‘एन’ दिसलं पाहिजे. ‘वाय’ असेल तर वरचं सगळं पुन्हा.

४. मॅपिंग मुद्दाम फसवा

हा लेखाचा गाभा. तीन वाटा आहेत, याच क्रमाने घ्या.

पहिली वाट, एज्यूच्या अपंगपणाची. ड्रायव्हरमध्ये डीएमए मास्क, म्हणजे उपकरण किती बिटांचे पत्ते समजतं तो आकडा, प्रामाणिकपणे २८ बिट सांगा आणि कर्नलच्या बूट ओळीत स्विओटीएलबी=नोफोर्स द्या. स्विओटीएलबी म्हणजे मधला बफर. मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही तेव्हा ते खोल पाण्यात उभं राहतं आणि मचव्याने माल किनाऱ्यावर आणतात, तसं उपकरणाला न पोचणाऱ्या पत्त्यावरचा माल कर्नल पोचणाऱ्या जागी उतरवून घेतं. नोफोर्स म्हणजे मचवे बंद. आता साध्या केमॅलॉकने घेतलेला बफर २ जीबीच्या मशिनवर बहुतेक वेळा २५६ एमबीच्या वर पडतो आणि डीएमए_मॅप_सिंगल खरोखर फसतं. लॉगमध्ये ‘ओव्हरफ्लो’ असा शब्द असलेला इशारा येतो, एकदाच.

सावधान: पॅनिक_ऑन_वॉर्न चालू असेल तर याच इशाऱ्यावर मशिन कोसळेल, ते बंद ठेवा. बफर घेताना जीएफपी_डीएमए लावलं असेल तर तो १६ एमबीच्या खालून येईल आणि काहीच फसणार नाही. कोहेरंट वाटपही फसणार नाही, कारण ते मास्क बघूनच जागा शोधतं.

तपासणीचा ‘इफ’ काढून हा प्रयोग एकदा जरूर करा. सगळे बिट एक असलेला पत्ता उपकरणाला जातो, एज्यू तो आपल्या २८ बिटांत कापून बसवतं आणि २५६ एमबीच्या टोकाशी डीएमए सुरू करतं. ड्रायव्हर म्हणतो काम झालं. तुमचा बफर मात्र जसाच्या तसा. ही शांतताच भयंकर आहे.

दुसरी वाट, मचवे मोजकेच ठेवायचे. बूट ओळीत स्विओटीएलबी=५१२,फोर्स. पूर्वनिर्धारित साठा ६४ एमबीचा असतो. त्याचा एक कप्पा २ केबीचा, म्हणून ५१२ कप्पे म्हणजे १ एमबी. आता ४ केबीची मॅपिंग धरून ठेवत गेलात की अडीचशेच्या आसपास साठा संपतो. इथे एज्यूचा मास्क क्यूईएमयूच्या ओळीत आणि ड्रायव्हरमध्येही ३२ बिटांपर्यंत वाढवा. नाहीतर मधला बफरच २५६ एमबीच्या वर जाईल आणि पहिलंच मॅपिंग फसेल. कर्नल नवं असेल तर कॉन्फिग_स्विओटीएलबी_डायनॅमिक बंद ठेवा, ते साठा आपोआप वाढवतं. या वाटेचं महत्त्व असं की पहिली शंभर मॅपिंग यशस्वी होऊन मध्येच एक फसतं, प्रत्यक्षात घडतं तसं.

तिसरी वाट सर्वांत रटाळ आणि सर्वांत उपयोगी. ड्रायव्हरमध्ये मॅपिंगच्या हाकेभोवती एक छोटं आवरण लिहा. त्यात एक मोजणी ठेवा आणि मॉड्यूल पॅरामीटरने सांगितलेल्या नंबरच्या हाकेला ते डीएमए_मॅपिंग_एरर (इथे फंक्शन नव्हे, मोठ्या अक्षरांतलं नाव) हा ठरलेला आकडा परत देईल. नंबर १ ने सुरू करा, मग २, मग ३, अख्खं काम बिनबोभाट पार पडेपर्यंत. एका पाठवणीत पाच तुकडे मॅप होत असतील तर पाच वेगळ्या ठिकाणी फसवून पाच वेळा बघायचं. पहिल्यालाच फसवून ‘झालं’ म्हणणारे सर्वांत जास्त, आणि पहिल्या ठिकाणी आवरायला काहीच नसतं.

सावधान: आवरणाने खोटं अपयश देताना आतून खरं मॅपिंग करायचं नाही. केलंत तर गळती तुमच्या चाचणीतूनच होईल आणि तुम्ही ड्रायव्हरला दोष देत बसाल.

फेलस्लॅब चालू केलं की हे सगळं आपोआप होईल असं समजू नका. ते केमॅलॉकसारखं वाटप फसवतं, मॅपिंग नाही. फेल_फंक्शनही कर्नलने परवानगी दिलेल्या फंक्शनांपुरतंच चालतं. इंजेक्टेबल नावाच्या फाइलमध्ये यादी असते, त्यात नाव नसेल तर ती वाट बंद.

तपासणी: प्रत्येक फेरीआधी आणि नंतर नम_फ्री_एंट्रीज (मोकळ्या नोंदी किती) वाचा, आणि चालू मॅपिंगची यादी देणाऱ्या डंप फाइलमधल्या तुमच्या उपकरणाच्या ओळी मोजा. फेरी संपल्यावर ड्रायव्हर निवांत असताना दोन्ही आकडे पूर्वीइतके झाले पाहिजेत. एकाचा फरक असला तरी तो फरकच.

५. परतीची वाट

आता त्या ‘इफ’च्या आत बघा. नियम एकच: ज्या क्रमाने बांधलं त्याच्या उलट क्रमाने सोडायचं, आणि जे बांधलंच नाही ते सोडायचं नाही. गोटूच्या पायऱ्या लिहा आणि प्रत्येक लेबलला ते काय सोडतं त्याचं नाव द्या. ‘आउट१’, ‘आउट२’ अशी नावं ठेवलीत तर मधे एक पायरी वाढवताना हमखास चुकता.

तुकड्यांच्या फेऱ्यात तिसरा तुकडा फसला तर पहिले दोन सोडायचे. मोजणी कुठून कुठे जाते ते बोटावर मोजा. फसलेला तुकडाही अनमॅप केलात तर ‘अवैध डीएमए पत्ता परत करतोय’ असा इशारा मिळेल. पहिला तुकडा सिंगलने आणि बाकीचे पेजने मॅप केले असतील तर परतही तसेच. आणि उपकरणाची घंटा, म्हणजे ‘नवं काम आलं’ सांगणारं रजिस्टर, सगळे तुकडे मॅप होऊन डिस्क्रिप्टर भरल्याशिवाय वाजवायची नाही.

नेटवर्क ड्रायव्हर असेल तर आणखी एक सापळा. पाठवताना मॅपिंग फसलं तर पाकीट टाकून द्यायचं, मोजणीत धरायचं आणि नेटडेव्ह_टीएक्स_ओके परत द्यायचं. पाकीट फेकून वर नेटडेव्ह_टीएक्स_बिझी दिलंत तर वरचा थर तेच पाकीट पुन्हा पाठवतो, आणि ती मेमरी तर तुम्ही केव्हाच सोडलेली असते.

परतीची वाट चुकल्यावर काय होतं ते माझ्याच कोडवरून सांगतो. बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान नोंदवणारं कार्ड बसवलं होतं, ड्रायव्हर माझा. बोर्ड इन्व्हर्टरवर, सेन्सरची पेटी मात्र थेट विजेवर. वीज गेली की पेटी मुकी व्हायची, ड्रायव्हर एक सेकंद वाट बघून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि वेळ संपल्यावर परत फिरणाऱ्या वाटेवर अनमॅप लिहायचं मी विसरलो होतो. सेकंदाला ४ केबी. ६४ एमबीचा साठा म्हणजे १६,३८४ प्रयत्न, म्हणजे साधारण साडेचार तास. मे महिन्यात वीज कधी इतका वेळ गेली नाही, बोर्ड मधूनमधून बंद-चालू व्हायचा आणि हिशेब शून्यावर यायचा. जुलैतल्या एका रात्री वीज सहा तास गेली. साठा संपला, पुढचं मॅपिंग फसलं, ते मी तपासत नव्हतो, आणि वीज आल्यावरही कार्डाने आकडे भलतीकडे लिहिले. बफरमध्ये जुनाच आकडा राहिला. सकाळी मालकांचा फोन: “भाऊ, मशिन उणे नऊच दाखवतंय, पण लाद्या तर पाणी पाणी झाल्यात.” लॉगमध्ये ‘स्विओटीएलबी बफर भरला आहे’ ही ओळ रात्री दोनपासून होती.

म्हणून टाइमआउट, सिग्नलने झोप मोडणं, उपकरण काढून घेणं आणि सस्पेंड या चारही वाटा चौथ्या पायरीतल्या मोजणीखाली एकेकदा चालवा. यशाची वाट आणि मॅपिंग फसल्याची वाट एवढ्यावर थांबू नका.

६. सिंक आणि दिशा: एक्स८६ वर लपणाऱ्या चुका

एक्स८६ वर उपकरण आणि प्रोसेसरची कॅश एकमेकांना सांभाळून घेतात, त्यामुळे डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू, म्हणजे उपकरणाने लिहिलेलं प्रोसेसरला दिसेल असं करणारी हाक, विसरलात तरी आकडे बरोबर दिसतात. तोच कोड एखाद्या एआरएम बोर्डावर शिळा माल देतो. बोर्ड हाताशी नसेल तरी चालेल. बूट ओळीत नुसतं स्विओटीएलबी=फोर्स द्या, एज्यूचा मास्क वाढवलेलाच ठेवून. आता प्रत्येक मॅपिंग मचव्यातून जातं आणि माल खरोखर नकलला जातो. सिंक विसरलेलं असेल तर तुमच्या बफरमध्ये काहीच येत नाही. दिशा चुकीची दिली असेल, उपकरणाकडून यायचं तिथे डीएमए_टू_डिव्हाइस लिहिलं असेल, तर तेही इथे उघडं पडतं. ‘नको कटकट’ म्हणून सगळीकडे डीएमए_बायडायरेक्शनल लावणारे आहेत. ते चालतं, पण फुकट नकला होतात आणि कोड वाचणाऱ्याला माल कुठे चाललाय ते कळत नाही.

मालकी लक्षात ठेवा. मॅप केल्यापासून सिंक किंवा अनमॅप करेपर्यंत बफर उपकरणाचा. टेम्पोत चढलेली आंब्याची पेटी आपण वाटेत उघडून चार फळं बदलत नाही, तसंच.

७. शेवटी गडगा घाला

आयओएमएमयू म्हणजे वाडीभोवतीचा गडगा. मॅप केलेल्या पानांपलीकडे उपकरण गेलं की अडवलं जातं आणि नोंद होते. क्यूईएमयूत क्यू३५ मशिन घ्या, इंटेल-आयओएमएमयू हे उपकरण ओळीत सगळ्यांत आधी लिहा, कर्नलला इंटेल_आयओएमएमयू=ऑन आणि आयओएमएमयू डॉट स्ट्रिक्ट=१ द्या. कडक नसलेल्या पद्धतीत अनमॅप झाल्यावरही जुना परवाना थोडा वेळ चालू राहतो, आणि आपल्याला तर अनमॅपनंतरचं लिहिणंच पकडायचं आहे.

ही पायरी चौथीच्या आधी केलीत तर चौथी वाया जाते. आयओएमएमयू उपकरणाला त्याच्या २८ बिटांत बसेल असा पत्ता स्वतःच बनवून देतं, मग मॅपिंग मास्कमुळे फसतच नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ याच क्रमाचा होतो.

अडवणूक झाली की लॉगमध्ये ‘डीएमएआर’ने सुरू होणारी ओळ येते, त्यात उपकरण, वाचन की लेखन, आणि पत्ता असतो. तो पत्ता डंपमधल्या ओळींशी ताडा. अगदी शेवटच्या मॅपिंगला लागून पुढे असेल तर लांबी चुकली आहे. काही वेळापूर्वी सोडलेल्या मॅपिंगच्या आत असेल तर उपकरण थांबवण्याआधी अनमॅप केलं आहे. पानाच्या आतले शेवटचे बारा सोडून सगळे बिट एक असतील तर पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा.

गडग्याची मर्यादा: तो पानापानाने, म्हणजे ४ केबीने मोजतो. १०० बाइटचा बफर मॅप करून उपकरणाने १२० लिहिले तर तो अडवणार नाही. अशा शंकेला बफर पानाच्या शेवटाला टेकवून चाचणी करा.

पॅच पाठवण्याआधी

चाचणीचं आवरण आणि मोजणी काढून टाका. अपयशाचा संदेश पाठवणीच्या गरम वाटेवर असेल तर रेटलिमिटेड ठेवा, नाहीतर साठा संपल्यावर लॉगच मशिन बुडवेल. न तपासलेलं मॅपिंग आणि राहिलेलं अनमॅप या दोन चुका असतील तर दोन पॅच, प्रत्येकाला मूळ कमिट दाखवणारी फिक्सेस ओळ. संदेशात ‘त्रुटी तपासली’ एवढंच लिहू नका. कितव्या मॅपिंगला फसवलं, कशाने फसवलं, आधी डंपमध्ये किती ओळी उरत होत्या आणि आता किती, हे लिहा. चेकपॅच चालवा आणि मग डीबगचे पर्याय बंद करून बांधलेल्या कर्नलवर तिसऱ्या पायरीतलं काम आणि चौथीतल्या पहिल्या दोन वाटा एकदा पुन्हा. तिथे इशारे आणि डंप नसतील, काम नीट होतं का एवढंच बघायचं. काही ड्रायव्हर डीबगच्या संथपणामुळेच नीट चालत असतात.

बर्फ कारखान्यातल्या बोर्डावर मी आता आणखी एक गोष्ट ठेवली आहे: मॅपिंग फसल्याची मोजणी सिसएफएसमध्ये दिसते आणि ती शून्यावरून हलली की आकड्यांच्या जागी आडव्या रेघा येतात.